अकरा सेकंद

फॉर्मवर छापलंय:
प्रशिक्षण कालावधीत आपण काय शिकलात?
शंभर शब्दांत. खाली सही, शिक्का.

पहिला आठवडा मी मीठ चाळलं.
टालिनच्या कोप्ली भागात
दोरखंडाच्या जुन्या कारखान्यात, तिसऱ्या मजल्यावर
बाहुल्यांचं एक गाव होतं,
तिथला बर्फ म्हणजे मीठ
आणि सूर्य म्हणजे उर्वेचा एक दिवा,
ज्याला हात लावायचा नाही.
खऱ्या सूर्याला आत यायची बंदी.
खिडक्यांवर काळं कापड ठोकलेलं.
तसाही तो डिसेंबरात
साडेतीनच्या आतच दुकान बंद करायचा.

मग तारा.
बाहुलीच्या बोटांत तार असते,
तीस-चाळीसदा वाकली की तुटते, न सांगता.
डबीत कापसावर मी हातांचे जोड मांडून ठेवायचे,
आणि उर्वे चष्म्यावरून बघून म्हणायची,
"डावे जास्त झालेत, हेलेरी."
तिच्या तोंडून एवढंच निघालं की दिवस बरा गेला समजायचं.

आई फोनवर विचारायची, पगार किती?
मी म्हणायचे, अनुभव मिळतो.
आई म्हणायची,
त्याचं सूप करून पिता येतं का?
आणि दोघी हसायचो,
ती जरा कमी.

फेब्रुवारीत कॅमेरामन आजारी पडला,
उर्वेचा खांदा धरला,
आणि एक प्रसंग माझ्या पदरात आला:
म्हातारी कामावरून येते, दाराशी थांबते. अकरा सेकंद.
संहितेत एवढंच. थांबते.
थांबणं कसं करायचं हे कुणी लिहिलं नव्हतं.

सेकंदाला चोवीस चित्रं.
म्हणजे दोनशे चौसष्ट वेळा
श्वास रोखून केसभर हलवायचं
आणि मागे व्हायचं.
खालून ट्रॅम गेली की सगळं गाव थरथरायचं,
म्हणून दोन ट्रॅमच्या मधल्या वेळात
आम्ही म्हातारीला जगवत होतो.

तिला मी हात चोळायला लावले.
आधी करंगळी, मग एकेक बोट,
मग तळवा कोटाच्या आत, काखेत.
पार्नूच्या मासळी कारखान्यातून
रात्रपाळी करून आलेली बाई
कुलूप काढण्याआधी असं करते,
कारण बोटांना किल्ली कळत नाही.
मी लहानपणी दाराच्या आतून ऐकायचे
ती न वाजणारी किल्ली.

उर्वेने पडद्यावर तीनदा पाहिलं.
"हे कुठून आणलंस?"
मी म्हटलं, सुचलं.
का खोटं बोलले, अजून ठाऊक नाही.

एकोणीस दिवस लागले.
संकलनात अकराचे चार झाले.
चित्रपट लांबत होता, असं कळलं.
कुणाचा दोष नव्हता.
मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले,
मग येऊन मीठ चाळलं,
कारण शेवटच्या प्रसंगात पुन्हा बर्फ होता.

वसंतात पहिला खेळ झाला.
आई बसने आली, ठेवणीतला कोट घालून,
मागच्या रांगेत बसली.
नामावलीत माझं नाव वीजतंत्र्याच्या खाली,
स्टुडिओतल्या मांजरीच्या वर,
आणि आईने ते वाचलंच नाही,
ती कोटाच्या बाह्या शोधत होती.

बाहेर थांब्यावर वारा.
बराच वेळ ती काही बोलली नाही.
मग म्हणाली,
"ती दारातली बाई."
हो.
"करंगळीपासून करते."
हो.
"चूक आहे. आधी अंगठा बधिर होतो.
सुरी अंगठ्यावर असते ना."
आणि तिने करून दाखवलं,
तिथेच, दिव्याच्या खांबाखाली,
घाई न करता, पुरी अकरा सेकंद,
कदाचित जास्तच.

फॉर्म मी त्याआधीच पाठवला होता.